गिऱ्हाईक कोण? : घरबसल्या व्यवसाय आणि नेटवर्क मार्केटिंग



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून साधारणपणे साहित्य, इतिहास, समाजसुधारणा किंवा शेतीचे अर्थकारण असे विषय मांडले जातात. साबण, टूथपेस्ट आणि प्रोटीन पावडर यांच्या विक्रीला तेथे सहसा जागा मिळत नाही. तरीही गेल्या पंचवीस वर्षांत मराठवाड्यातील नोकरदार, छोटे शेतकरी आणि शिकवणीवाले यांच्या घरांत शिरलेल्या या व्यवहाराची चिकित्सा चारचौघांत होणे आवश्यक आहे, कारण हा व्यवहार मोंढ्यात होत नाही, बँकेत होत नाही, दुकानाच्या गल्ल्यावरही होत नाही. तो साडूच्या किंवा नणंदेच्या घरी, चहाच्या कपाबरोबर होतो, आणि म्हणूनच त्याच्या कागदपत्रांकडे कोणी बघत नाही. घरबसल्या काही मिळकत व्हावी म्हणून नेटवर्क मार्केटिंगची कोणती योजना निवडावी, असे विचारणाऱ्यांची संख्या मोठी आहे. हा प्रश्न रास्त आहे आणि विचारणाऱ्याची टिंगल करण्याचे काहीच कारण नाही. मात्र त्याचे उत्तर कंपन्यांच्या नावांच्या यादीत मिळत नाही. ते एका वेगळ्याच विचारणेत मिळते: या योजनेतला माल शेवटी पदरचे पैसे मोजून विकत घेणारे गिऱ्हाईक कोण, साखळीच्या बाहेरचे की साखळीच्या आतलेच?

आधी काही संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत, कारण या क्षेत्रातील बहुतेक गोंधळ शब्दांच्या सरमिसळीतून निर्माण होतो आणि ती सरमिसळ प्रत्येक वेळी अजाणता झालेली नसते. कायमस्वरूपी दुकान न थाटता विक्रेत्यांच्या जाळ्यामार्फत माल थेट ग्राहकापर्यंत पोहोचवणे म्हणजे थेट विक्री किंवा डायरेक्ट सेलिंग. या विक्रेत्याला स्वतःच्या विक्रीवरील नफ्याशिवाय त्याने आणलेल्या विक्रेत्यांच्या आणि त्यांनी आणलेल्या पुढच्यांच्या विक्रीवरही कमिशन मिळत असेल, तर ते नेटवर्क मार्केटिंग. गावोगावी याला ‘चेन’ किंवा ‘साखळी पद्धत’ म्हणतात, आणणारा तो ‘अपलाइन’, आणला गेलेला तो ‘डाउनलाइन’, आणि सभासद होण्याला ‘आयडी लावणे’. जेथे कमाईचा आधार मालाची विक्री नसून नवीन माणसे भरती करणे हाच असतो, त्या रचनेला पिरॅमिड योजना म्हणतात. आणि जेथे माल नावापुरताही नसतो, एकाचे पैसे दुसऱ्याला व दुसऱ्याचे तिसऱ्याला फिरवले जातात, ती पैसे फिरवण्याची योजना, म्हणजे मनी सर्क्युलेशन स्कीम. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना भारतात कायद्याची मुभा आहे, शेवटच्या दोन गोष्टींना बंदी आहे. अडचण अशी की चौथ्या प्रकारची योजना पहिल्या प्रकारचा अंगरखा घालून घरी येते.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतला. १९४५ च्या सुमारास तेथे न्यूट्रिलाइट नावाच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकताना भरतीवरील कमिशनची रचना आकाराला आली, आणि त्याच विक्रीत तयार झालेल्या दोघांनी, जे व्हॅन अँडेल व रिच डिव्हॉस यांनी, १९५९ मध्ये ॲमवे स्थापन केली. ही कंपनी पिरॅमिड आहे काय, या प्रश्नाचा निकाल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तेथील व्यापार नियामक संस्थेने, १९७९ मध्ये दिला आणि ती पिरॅमिड नाही असे ठरवले. पण कशामुळे ठरवले, हे येथे महत्त्वाचे आहे. कंपनीचे तीन नियम कमिशनला पटले: महिन्यात घेतलेल्या मालापैकी किमान ७० टक्के माल विकल्याशिवाय त्यावरचा पूर्ण बोनस मिळायचा नाही, दरमहा किमान दहा किरकोळ ग्राहकांना माल विकलेला असला पाहिजे, आणि न खपलेला माल परत घेण्याची व्यवस्था हवी. तिन्ही नियमांचा रोख एकच आहे. माल साखळीत साचू नये, तो बाहेरच्या माणसापर्यंत जावा. पुढे या निकालाचा दाखला जगभरच्या सेमिनारांतून दिला गेला, परंतु त्यातील दहा ग्राहकांची अट सांगणारा वक्ता मात्र विरळाच.

भारतात उदारीकरणानंतर, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून या कंपन्या आल्या. ओरिफ्लेम १९९५ मध्ये, टपरवेअर आणि देशी मोदीकेअर १९९६ मध्ये. ॲमवेने प्रत्यक्ष व्यवसाय १९९८ मध्ये सुरू केला. महानगरांतून हा प्रवाह जिल्ह्याच्या ठिकाणी यायला फार काळ लागला नाही.

मराठवाड्यातल्या नांदेड आणि लातूर या शहरांत त्याला भुई मिळाली ती का? एका बाजूला कापड गिरणी बंद पडल्यानंतर तसा दुसरा मोठा कारखाना न उभा राहिलेले नांदेड, आणि दुसऱ्या बाजूला शिकवणी वर्ग, सोयाबीन आणि डाळींचा बाजार यांवर चालणारे लातूर. दोन्ही ठिकाणी शिकलेल्या माणसांची संख्या वाढली, पण त्या मानाने पगाराच्या जागा वाढल्या नाहीत. पदवीधर गृहिणीला घराबाहेर जाऊन नोकरी करण्यास वाव कमी, शेतीची मिळकत पावसाच्या हाती, आणि मुलांच्या शिकवणीची फी मात्र वर्षागणिक चढती. अशा घरात कोणी ‘दिवसाचे दोन तास द्या, घरबसल्या कमवा’ म्हणत आले, तर त्याला दारातून परत कसे पाठवावे? त्यात येणारा परका नसतो. तो भावकीतला, सोयऱ्यांतला, शाळेतला सहकारी किंवा बचत गटातली मैत्रीण असते. मराठवाड्यात नेटवर्क हे कंपनीने उभे केलेले नाही. ते आधीपासूनच होते. सोयरीक, गाव, आळी, वारीची दिंडी, शिक्षकांची पतसंस्था, स्त्रियांची भिशी, हे सारे जाळे पिढ्यानपिढ्यांच्या देवाणघेवाणीतून विणलेले आहे, आणि कंपनी ते विनाभाडे वापरते. दुकानदाराला गाळ्याचे भाडे, विजेचे बिल, नोकराचा पगार आणि जाहिरातीचा खर्च असतो. येथे या चारही गोष्टींच्या जागी सभासदाची पत खर्ची पडते, आणि तो खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

‘प्लॅन दाखवण्याची’ रीत श्रोत्यांपैकी अनेकांच्या परिचयाची असेल. बैठकीच्या खोलीत पांढरा फळा टेकवला जातो, मध्यभागी एक वर्तुळ काढून त्यात ‘तुम्ही’ असे लिहिले जाते, त्याखाली सहा वर्तुळे, त्या प्रत्येकाखाली आणखी सहा, आणि फळा भरेपर्यंत उजव्या कोपऱ्यात दरमहा लाखाचा आकडा दिसू लागतो. मग छायाचित्रे येतात: गाडी, परदेशवारी, ‘डायमंड’ या वरच्या पदाला पोहोचलेल्या कुणाचा सत्कार. कोणी शंका काढलीच तर उत्तर तयार असते की गणित कधी खोटे बोलत नाही. हे उत्तर अगदी खरे आहे. गणित खोटे बोलत नाही, फक्त ते फळ्यावर शेवटपर्यंत मांडले जात नाही. ते येथे मांडून पाहू.

प्रत्येकाने सहा जण आणले तर पहिल्या पायरीवर ६, दुसऱ्या पायरीवर ३६, तिसऱ्या पायरीवर २१६, चौथ्या पायरीवर १,२९६, पाचव्या पायरीवर ७,७७६, सहाव्या पायरीवर ४६,६५६, सातव्या पायरीवर २,७९,९३६ आणि आठव्या पायरीवर १६,७९,६१६ माणसे लागतात. आठव्या पायरीपर्यंतच्या सर्वांची बेरीज वीस लाखांवर जाते. नवव्या पायरीवर ती १ कोटी २० लाखांच्या पुढे सरकते. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २४.५ लाख आणि नांदेड जिल्ह्याची सुमारे ३३.६ लाख, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे ५८ लाख आहे, आणि त्यात पाळण्यातली बाळे व अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसेही मोजलेली आहेत. आठवी पायरी ओलांडताच दोन्ही जिल्ह्यांत आयडी लावण्याजोगा माणूस उरत नाही.

परंतु माणसे संपणे हा या गणिताचा दुय्यम भाग आहे. मुख्य भाग वेगळाच आहे आणि तो साखळी लहान असतानाही लागू पडतो. सहा-सहाच्या रचनेत कोणत्याही पायरीवर थांबून पाहिले तरी एकूण सभासदांपैकी सुमारे ८३ टक्के सभासद सर्वांत खालच्या पायरीवर असतात, म्हणजे त्यांच्या हाताखाली एकही माणूस नसतो, आणि खालच्या दोन पायऱ्या मिळून हे प्रमाण ९७ टक्क्यांपर्यंत जाते. सभासद आळशी असोत वा कष्टाळू, हुशार असोत वा साधे, हे प्रमाण बदलत नाही, कारण ते माणसांच्या गुणांवर नव्हे तर आकृतीच्या घडणीवर अवलंबून आहे. ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ अशा दोन पायांच्या, जोड्या जुळवण्याच्या रचनेतही निम्मे सभासद तळाशीच राहतात. ‘जो मेहनत करील तो वर जाईल’ हे वाक्य एकेका माणसाबाबत खरे ठरू शकते. सर्वांबाबत ते कधीही खरे ठरू शकत नाही. वर जाणाऱ्या प्रत्येकाखाली न गेलेल्यांची रांग असावीच लागते.

मग तळाशी असलेल्या त्या मोठ्या बहुसंख्येची कमाई कोठून व्हावी? एकच मार्ग उरतो: साखळीशी संबंध नसलेल्या, आयडी न लावलेल्या, केवळ वस्तू हवी म्हणून ती घेणाऱ्या ग्राहकाला माल विकणे. अशी विक्री असेल तर तळातला विक्रेताही थोडेफार कमावतो. अशी विक्री नसेल, तर तळातल्यांनी स्वतः घेतलेल्या मालाचे पैसे हेच वरच्यांचे उत्पन्न असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अशा ७० कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेली उत्पन्नाची विवरणपत्रे तपासली, तेव्हा बहुतेक सहभागींची वर्षाची कमाई १,००० डॉलर किंवा त्याहूनही कमी असल्याचे आढळले, आणि त्या आकड्यांतून माल, प्रवास व प्रशिक्षण यांचा खर्च वजा केलेला नव्हता. ज्या देशात ही पद्धत जन्मली, तेथली ही स्थिती आहे.

भारतीय कायद्याने या प्रश्नाकडे कसे पाहिले, हा पुढचा मुद्दा. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाच्या शिफारशींनंतर संसदेने १९७८ मध्ये बक्षीस चिठ्ठी व पैसे फिरवण्याच्या योजना यांवर बंदी घालणारा कायदा केला. या कायद्याचे तिसरे कलम सर्वांनी नीट समजून घ्यावे असे आहे, कारण ते केवळ योजना चालवणाऱ्यावर थांबत नाही. अशा योजनेत सभासद म्हणून नाव नोंदवणे, तिच्यात भाग घेणे, तिच्यापोटी पैसे घेणे किंवा पाठवणे यांनाही ते मनाई करते, आणि उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. म्हणजे ज्याने भोळेपणाने स्वतः पैसे भरले आणि मग दोन मेहुण्यांना आणले, तो एकाच वेळी फसवला गेलेलाही असतो आणि कायद्याच्या नजरेत फसवणाऱ्यांच्या रांगेतही उभा असतो. या गाठीचा परिणाम काय होतो, ते पुढे येईल.

१९८२ मध्ये कोलकात्याच्या संचयिता या गुंतवणूक पेढीच्या प्रकरणात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने या कायद्याची व्याप्ती स्पष्ट केली: झटपट किंवा सहज पैसा मिळवण्याची योजना असणे एवढे पुरेसे नाही, तो पैसा योजनेशी निगडित अशा एखाद्या घटनेवर, उदाहरणार्थ नव्या सभासदांच्या भरतीवर, अवलंबून असला पाहिजे. भरघोस व्याज देणारी ती पेढी त्यामुळे या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. भरतीवर चालणाऱ्या योजनांना मात्र हीच कसोटी पुढे जड गेली. २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ॲमवेच्या योजनेला हा कायदा लागू होतो असा निर्णय दिला. आज तेलंगणात असलेला निजामाबाद जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता, आणि धर्माबाद, बिलोली, देगलूर या भागांतील कुटुंबांचे सोयरेधायरे त्या बाजूला पसरलेले आहेत. एका राज्यात न्यायालयाने नापसंत केलेली योजना सीमेच्या अलीकडे राजरोस सुरू, अशी विचित्र स्थिती त्यातून निर्माण झाली, कारण कायदा केंद्राचा असला तरी त्याची अंमलबजावणी राज्याराज्यांची. नाती सीमा ओलांडतात, गुन्ह्याची नोंद ओलांडत नाही. पुढे एप्रिल २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने याच कंपनीची ७५७ कोटी रुपयांहून अधिक मालमत्ता जप्त केली आणि मालाच्या किमती तशाच लोकप्रिय पर्यायांच्या तुलनेत अवास्तव असल्याचा आरोप ठेवला. हा तपास यंत्रणेचा आरोप आहे, न्यायालयाचा निवाडा नव्हे, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. तरीही किंमत हीच तपासाची पहिली जागा ठरावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ज्यांत मालाचा देखावाही फारसा नव्हता, अशा योजनांनी महाराष्ट्रात केलेली हानी याहून मोठी आहे. ११,००० रुपये भरा आणि संगणकावर सर्वेक्षणे भरून दर आठवड्याला कमवा, असे सांगणारी स्पीक एशिया २०११ मध्ये कोसळली. नाशिक आणि परभणी परिसरात पसरलेल्या केबीसी मल्टिट्रेडवर २०१४ मध्ये गुन्हे दाखल झाले तेव्हा तिचा प्रमुख सिंगापूरला पोहोचला होता. तो परत येताना मुंबई विमानतळावर पकडला गेला तो २०१६ मध्ये. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, त्याखाली मालमत्ता जप्त होतात, लिलाव होतात. पण जप्ती आणि परतफेड यांच्यामध्ये वर्षे जातात.   

आज लागू असलेला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याखाली २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित झालेले थेट विक्रीचे नियम. त्यांनुसार थेट विक्री कंपनी भारतात नोंदलेली असली पाहिजे, तिचे येथे प्रत्यक्ष कार्यालय असले पाहिजे, तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे आणि त्याने ४८ कामकाजी तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे. प्रवेश शुल्क घेता येत नाही. विक्रेत्याशी लेखी करार करावा लागतो. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय व आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असेही त्यात आहे. वाजवी काळात विकला जाईल त्याहून अधिक माल सभासदाच्या गळ्यात मारण्यालाही मनाई आहे. कूलिंग-ऑफ, म्हणजे करार केल्यावर विचार बदलल्यास विनादंड माघार घेण्याची मुदत, आणि न विकलेला माल परत घेण्याची हमी या दोन गोष्टींचा उल्लेख करारात सापडला नाही, तर पुढे वाचण्याची गरज नाही.

आता निवडीच्या मूळ प्रश्नाकडे वळता येईल. एखाद्या योजनेचा विचार करणाऱ्या कुटुंबाने सर्वप्रथम काय करावे? कंपनीचा इतिहास, संस्थापकाचे चरित्र, ‘लीडर’ची गाडी, हे सगळे बाजूला ठेवून कंपनीची एक वस्तू हातात घ्यावी आणि लातूरच्या गंजगोलाईतल्या किंवा नांदेडच्या वजिराबादेतल्या एखाद्या दुकानात जाऊन तशाच वस्तूचा वजनागणिक भाव काढावा. डब्याला डबा नव्हे. शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम. ‘तुम्ही तसेही साबण वापरताच, तोच आपल्याच कंपनीचा वापरा’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण बाजारात साठ रुपयांना मिळणारी वस्तू घरात शंभर रुपयांना येऊ लागली, तर ती बचत नसून दरमहा भरायची वर्गणी असते. आणि मग दुसरी विचारणा आपोआप पुढे येते: कमिशनची आशा काढून टाकली, तर ही वस्तू या किमतीला शेजारच्या बाई घेतील काय? त्या घेणार नसतील, तर ज्या बाई घेत आहेत त्या वस्तू घेत नाहीत, आशा घेत आहेत.

दुसरी तपासणी महिन्याच्या हिशेबाची. उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडता येईल. छापील किंमत २,००० रुपये असलेला पावडरीचा डबा सभासदाला १,५०० रुपयांना मिळतो आणि आयडी ‘ॲक्टिव्ह’ ठेवण्यासाठी दरमहा दोन डबे, म्हणजे ३,००० रुपयांची ‘रीपर्चेस’ खरेदी करावी लागते असे धरू. दोन्ही डबे बाहेरच्या ग्राहकाला पूर्ण किमतीला विकले गेले तर नफा १,००० रुपये. त्यातून महिन्याच्या मीटिंगसाठी लातूरहून नांदेडला येण्याजाण्याचा खर्च, सेमिनारचे तिकीट, घरी येणाऱ्यांचा चहा-फराळ आणि मोबाइलचे रिचार्ज वजा करावे. एकच डबा विकला गेला आणि दुसरा घरात राहिला, तर नफ्याची जागा तोटा घेतो. दोन्ही घरात राहिले तर वर्षाला ३६,००० रुपये आणि कपाटात चोवीस डबे. हा हिशेब कोणत्याही गृहिणीला वहीच्या एका पानावर करता येतो. किराणा, दूध आणि गॅस यांचा हिशेब महिनोन्महिने ठेवणाऱ्या घरांत नेमका या खात्याचा हिशेब ठेवलेला नसतो, कारण ‘हा खर्च नाही, गुंतवणूक आहे’ असे मीटिंगमध्ये बजावलेले असते.

तिसरी तपासणी जिभेवरच्या दाव्यांची. साखळीतला मोठा माल आहारपूरकांचा असतो आणि त्याच्याबरोबर शुगर बरी होते, गुडघ्यांची झीज भरून येते, अशा गोष्टी घरोघर सांगितल्या जातात. मधुमेहासह अनेक विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मनाई आहे. कंपनीच्या छापील कागदावर तसा दावा नसतो. तो विक्रेत्याच्या तोंडी असतो, आणि म्हणूनच जबाबदारीही विक्रेत्यावर येऊन पडते. एखाद्या वृद्धाने गोळ्या बंद करून पावडर सुरू केली, तर त्याला उत्तर कोण देणार? मुंबईतले कार्यालय की गल्लीतली ताई?

या तपासण्यांतून एखादी योजना पार पडणारच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्लास्टिकचे डबे, सौंदर्यप्रसाधने किंवा स्वयंपाकाची भांडी ओळखीच्या पन्नासएक घरांत नेटाने विकून, एकही माणूस भरती न करता, दरमहा थोडा नफा काढणाऱ्या स्त्रिया असतात. त्यांचा व्यवसाय खरा आहे, कारण त्यांचे गिऱ्हाईक खरे आहे. गंमत एवढीच की साखळीच्या सत्कार समारंभात त्यांना बोलावले जात नाही.

येथे घरबसल्या उद्योगाचा दुसरा एक नमुना आठवणे अप्रस्तुत होणार नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. भिजवलेले पीठ केंद्रातून न्यायचे, घरी लाटायचे, वाळलेले पापड परत आणून द्यायचे आणि लाटणीचे पैसे घ्यायचे. तेथेही स्त्रियांचे जाळे आहे, ओळखीतून येणे आहे, घरातच काम आहे. फरक कोठे आहे? नवी भगिनी आली म्हणून आधीच्या भगिनीला कमिशन मिळत नाही. मोबदला लाटलेल्या पापडाचा मिळतो, आणि तो पापड खाणारा माणूस संस्थेचा सभासद नसतो. भिशीचेही तसेच. बारा जणींची भिशी बारा महिन्यांत पुरी होते, प्रत्येकीने भरले तेवढे प्रत्येकीला मिळते, पुढे-मागे एवढाच काय तो फरक. वर्तुळ बंद असते, म्हणून तेराव्या बाईच्या शोधात कोणाला फिरावे लागत नाही. लातूरला शिकायला आलेल्या मुलांसाठी डबे देणाऱ्या घरांना, किंवा येसर, शेंगाची चटणी व कडक भाकरी विकणाऱ्या बचत गटांना नफा मोठा होत नसेल, पण त्यांना गिऱ्हाईक शोधावे लागते, डाउनलाइन नव्हे. उमेद अभियान आणि १९७५ पासून काम करणारे महिला आर्थिक विकास महामंडळ यांच्या गटांपुढे विक्रीची अडचण आहेच. ती नाकारण्यात अर्थ नाही. ती अडचण हेच साखळीवाल्यांचे खरे प्रवेशद्वार आहे.

शेवटचा मुद्दा नुकसानीनंतरच्या शांततेचा, आणि तो कदाचित सर्वांत कमी बोलला जातो. योजना बुडते तेव्हा तक्रारी फार थोड्या होतात, त्या उशिरा होतात, आणि त्यांत रक्कम असते पण साखळी नसते. याचे कारण अज्ञान नव्हे. ज्याने पैसे घेतले तो जावई आहे. त्याच्यावर तक्रार केली तर लेकीच्या संसाराचे काय? ज्याने तक्रार करायची त्याने स्वतःच चार जणांना आणलेले आहे. ठाण्यात गेल्यावर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाईल. १९७८ च्या कायद्याने सभासदत्वालाही गुन्हा ठरवण्यामागचा हेतू साखळी मुळातच तोडण्याचा होता, पण व्यवहारात त्याने अनेकांची तोंडे बंद केली, असे म्हणावे लागते. मोठ्या शहरात माणूस असा अनुभव मागे टाकून दुसऱ्या उपनगरात राहायला जाऊ शकतो. मुखेडच्या किंवा औशाच्या माणसाला पुढच्या लग्नसराईत त्याच सोयऱ्यांच्या पंगतीला बसावे लागते. काहींनी तर डाउनलाइनचे बुडालेले पैसे स्वतः शेत गहाण टाकून फेडलेले असतात, आणि या फेडीची नोंद कंपनीच्या किंवा सरकारच्या कोणत्याही आकड्यात येत नाही.

म्हणून तक्रारीची वाट आयडी लावण्यापूर्वीच माहीत असलेली बरी. कराराची प्रत, पैसे भरल्याची पावती, मालाची बिले आणि व्हॉट्सॲपवर आलेली कमाईची आश्वासने एका ठिकाणी जपून ठेवावीत. रोख पैसे अपलाइनच्या हाती न देता कंपनीच्या खात्यात भरावेत, कारण हाती दिलेल्या रकमेची जबाबदारी कंपनी झटकून टाकते. माघार घ्यायची तर कूलिंग-ऑफच्या मुदतीत आणि लेखी घ्यावी, फोनवर नव्हे. उत्तर आले नाही तर कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. माल नसून केवळ भरतीवर पैसे फिरत असतील, तर प्रकरण ग्राहक आयोगाचे राहत नाही, ते पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेचे होते, आणि तेथे एकट्याने जाण्यापेक्षा एकाच अपलाइनखालच्या दहा-बारा कुटुंबांनी मिळून, सर्वांचे कागद एकत्र करून गेलेले अधिक उपयोगी पडते. बचत गटांच्या मासिक बैठकीत कोणी नवी योजना मांडू लागले, तर फळ्यावर वर्तुळे काढण्याआधी त्यांच्याकडून कराराचा नमुना, परतीच्या अटी आणि मागच्या महिन्यात सभासद नसलेल्या ग्राहकांना फाडलेली बिले मागून घेऊन ती इतिवृत्ताच्या वहीत नोंदवण्याचा ठराव गटांना आजही करता येतो.